फिशिंगरच्या कोळशाच्या रेघा आणि फ्रेम्सचा हिशेब

कोळसाकांडी
जर्मन ॲनिमेशनकार ऑस्कर फिशिंगरच्या 'श्टुडी' या संगीतावरच्या अमूर्त फिल्म्सच्या मालिकेतल्या कुठल्याही व्हिडिओखाली ठरलेली प्रतिक्रिया असते: 'काय सिंक आहे!' तो सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाची जुळणी, हाताने कसा जमवला, यावर हा धागा.

काळ १९२९ ते १९३२, गाव बर्लिन. पडद्यावर दिसतात काळ्यावर पांढऱ्या रेघा. कागदावर मात्र उलटं आहे. पांढरा कागद, त्यावर कोळसा, आणि निगेटिव्हच पडद्यावर न्यायची. बोलपट सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो, म्हणजे मिनिटाला १४४०. तीन मिनिटांच्या फिल्मला ४३२० फ्रेम्स, आणि या फिल्म्समध्ये जवळजवळ प्रत्येक फ्रेमला वेगळा कागद. इतके कागद का, ते पुढे सांगतो.

मालिकेतल्या सुरुवातीच्या फिल्म्स ग्रामोफोन तबकडीबरोबर जुळवलेल्या होत्या. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १.३. भागाकार केला की एका फेऱ्याला साधारण १८.४६ फ्रेम्स येतात. तबकडीवर खूण करून ती सुईखालून किती वेळा गेली हे मोजलं, की कुठला सूर कितव्या फ्रेमवर पडतो ते कागदावर काढता येतं. अडचण यंत्राची. ग्रामोफोनचा वेग एक टक्का हलला तर तीन मिनिटांत १.८ सेकंद, म्हणजे ४३ फ्रेम्स इकडेतिकडे. त्यामुळे ध्वनी फिल्मच्या काठावर छापला जायला लागल्यावरच हे काम खरं पक्कं झालं. 'श्टुडी क्र. ७' (१९३१, ब्राम्सचा हंगेरियन डान्स नं. ५) बघताना हे लक्षात ठेवा.

मूळ सूत्र सोपं आहे: १४४० भागिले मिनिटाचे ठोके. १२० ठोक्यांची लय असेल तर ठोक्याला १२ फ्रेम्स. १४४ ला १०, ९६ ला १५, ९० ला १६.

लोक चुकतात ते अपूर्णांकात. लय १३२ असेल तर ठोक्याला १०.९ फ्रेम्स येतात. 'चला, ११ धरू' म्हटलं तर शंभर ठोक्यांनंतर चित्र ९ फ्रेम्स मागे पडतं, तेही पाऊण मिनिटातच. प्रत्येक ठोका वेगळा पूर्णांकात आणायचा नाही. सुरुवातीपासूनची बेरीज करायची आणि ती पूर्णांकात आणायची. १०० ची लय असेल तर १४.४ येतात. मग पाच ठोके १४, १५, १४, १५, १४ असे वाटायचे, बेरीज बरोबर ७२. एका फ्रेमचा फरक डोळ्याला कळत नाही, नऊ फ्रेम्सचा मात्र शेवटच्या रांगेतल्यालाही कळतो.

समेवर_भेटू
हिशेब पटला, पण तो मेट्रोनोमवर वाजवलेल्या संगीतापुरता. हंगेरियन डान्स नं. ५ मध्ये लय एका जागी कुठे असते? मधे ओढतात, थांबतात, मग एकदम धावतात. आपल्याकडे तर मध्यलयीत सुरू झालेला तीनताल दहा आवर्तनांनी तिथे राहतच नाही. १२० च्या लयीत १६ मात्रा म्हणजे ८ सेकंद, १९२ फ्रेम्स. दहाव्या आवर्तनाला तेच १७५ फ्रेम्सवर आलेलं असू शकतं. तिथे सूत्र काय करणार?

कोळसाकांडी
बरोबर पकडलंत. म्हणूनच सूत्र हे अंदाजासाठी. खरं मोजमाप ध्वनिमुद्रणावरूनच घ्यायचं, नोटेशनवरून नाही. आधी ध्वनी मुद्रित, मग त्याची फ्रेमवार नोंद, मग चित्र. हा क्रम उलटा केला तर कुणीतरी हमखास रडतं.

तुमच्या उदाहरणात प्रत्येक समेची फ्रेम थेट मोजायची (आज वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख बघून, तेव्हा फिल्मवरचा ध्वनिपट्टा भिंगाखाली धरून) आणि दोन समांमधल्या १६ मात्रा त्या अंतरात वाटायच्या. लय हळूहळू चढत असेल तर एका आवर्तनातला फरक मात्रेमागे एका फ्रेमच्या आत राहतो. तिहाई असेल तर तिचे तीनही 'धा' वेगळे मोजा. तिथे गायक-वादक हमखास खेचतात.

डोपशीट, म्हणजे या फ्रेमवार नोंदीचा तक्ता. त्याचे रकाने असे: फ्रेम क्रमांक, मात्रा, काय ऐकू येतंय, काय दिसणार, कागद क्रमांक. चौथा रकाना पेन्सिलने. तो बदलतोच.

सेल्युलॉइड
हे काठावरच्या पट्ट्याचं थोडं उलगडून सांगा. नवख्यांना वाटतं चित्राच्या शेजारीच त्याचा आवाज असतो.

कोळसाकांडी
नसतो. प्रोजेक्टरमध्ये फिल्म चित्राच्या खिडकीपाशी अडखळत, एकेक फ्रेम थांबत जाते. आवाज वाचायला ती सलग सरकावी लागते. म्हणून ध्वनीचं डोकं खिडकीच्या पुढे, थोड्या अंतरावर बसवलेलं असतं. फिल्म आधी खिडकीतून जाते आणि मग त्या डोक्याखालून, त्यामुळे एखाद्या चित्राचा आवाज फिल्मवर त्याच्या आधी, सुरुवातीच्या बाजूला छापावा लागतो. ३५ मिमीला साधारण २० फ्रेम्स, १६ मिमीला २६. चित्र आणि आवाज दोन्ही हाताने एकाच फिल्मवर काढायचे असतील तर हे २६ विसरलात की ठिपका उगवतो आणि ढोल सेकंदाने वाजतो.

प्रश्नोपनिषद
पहिला मान फिशिंगरला देताय का? रुटमान आधीचा आहे.

कोळसाकांडी
पहिला म्हटलेलंच नाही, पण मुद्दा आला ते बरं झालं. वाल्टर रुटमानचा 'लिश्टश्पील ओपुस १' १९२१ मध्ये दाखवला गेला, मूकपटाच्या काळात. मॅक्स बुटिंगने त्यासाठी तंतुवाद्यपंचक रचलं होतं आणि पहिल्या खेळाला चेलो खुद्द रुटमानने वाजवला. वादकांनी पडद्याबरोबर राहावं म्हणून संगीताच्या कागदांवर त्या-त्या जागी आकारांची छोटी रंगीत चित्रं काढलेली होती. म्हणजे तिथे चित्र आधी पक्कं आणि संगीताने त्याच्यामागे धावायचं. फिशिंगरकडे नेमकं उलट. साथीदार बदलला की सगळं कामच बदलतं.

त्याच काळातल्या अमूर्त फिल्मवाल्या एगेलिंगचं नाव निघायच्या आधीच सांगतो. त्याच्या 'डायगोनाल-सिम्फनी'च्या नावात सिम्फनी असली तरी ती मुद्दाम मूक आहे. ३ मे १९२५ ला बर्लिनमध्ये 'अब्सोल्यूट फिल्म', म्हणजे अमूर्त फिल्म्सचा जो खेळ झाला त्यात ती होती, आणि त्याच महिन्यात एगेलिंग गेला. नेटवरच्या बऱ्याच प्रतींवर कुणीतरी पियानो चिकटवलाय. फिशिंगरच्या 'रेडिओ डायनॅमिक्स'चंही तेच. ती फिल्म मूक आहे, आवाज बंद करून बघा.

चहाबाज
वाचतोय. पण खरंच, दोन फ्रेम्सना एक कागद का चालत नाही? सगळे तसंच करतात ना?

कोळसाकांडी
सावकाश हालचालीला चालतो. पण पडदा आडवा कापत जाणारी बारीक रेघ दर फ्रेमला स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त सरकली की डोळ्याला एक रेघ पळताना दिसत नाही, चार रेघा लुकलुकताना दिसतात. कागद दोनदा वापरला तर प्रत्येक उडी दुप्पट लांब होते आणि प्रकार आणखी बिघडतो. 'श्टुडी'तले आकार नीट बघा. सुटा ठिपका क्वचितच, बहुतेक आकार कोयरीसारखे, पुढे जाड आणि मागे निमुळती शेपूट. आधीच्या जागेवर शेपूट रेंगाळते आणि दोन फ्रेम्समधली फट भरून काढते. नटवण्यासाठी ती काढलेली नाही.

एकदा थांबवून बघा. फ्रेम-फ्रेमने पुढे नेलं की काही ठिकाणी शेपटीचं टोक आधीच्या कागदावरच्या डोक्याच्या जागेपर्यंत पोचतं. कोळसा तिथे आडवा धरून कांडीच्या बाजूने ओढला असावा, कारण कड दाणेदार आहे, तर डोक्याची कड धारदार.

पाटीपेन्सिल
कोळशावर करून पाहणाऱ्यांसाठी काही बारकावे:

बोटाचा डाग पांढऱ्या कागदावर खपून जातो. निगेटिव्ह केल्यावर तोच काळ्यावर धुक्यासारखा चमकतो, आणि दर कागदावर वेगळा असल्याने पडदा सतत धुमसत राहतो. उपाय दोन. हाताखाली कोरा कागद ठेवायचा, आणि स्कॅन केल्यावर कॉन्ट्रास्ट एवढा ताणायचा की फिकट राखाडी पूर्ण काळ्यात बुडेल. मात्र हे सगळ्या कागदांना एकाच आकड्याने. ऑटो-लेव्हल, म्हणजे दर कागदाला आपोआप वेगळी दुरुस्ती, लावलंत की दर फ्रेमला उजेड हलणार.

फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारं द्रावण) फवारलं की साधा झेरॉक्स कागद वाकतो आणि कागद अडकवायच्या खुंट्यांवर नीट बसत नाही. जाड, १०० ग्रॅमच्या आसपासचा कागद घ्या.

नोंदणी, म्हणजे प्रत्येक कागद त्याच जागी बसणं. ऑफिसातल्या दोन भोकांच्या पंचिंग मशीनने काम होतं, पण भोक खुंटीपेक्षा थोडं सैल राहतं. मग कागद नेहमी एकाच दिशेला, समजा डावीकडे वर, ढकलून बसवायचा. काढतानाही आणि स्कॅन करतानाही तोच कोपरा. नाहीतर स्थिर वर्तुळ थंडी वाजल्यासारखं थरथरतं.

एक बारीकशी सूचना: कागदावर क्रमांक घातल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. दोनशे सारख्या दिसणाऱ्या रेघांचा गठ्ठा खाली पडला तर तो पुन्हा लावता येत नाही.

सेल्युलॉइड
आता कागदच नको म्हणणाऱ्यांची बाजू. लेन लाय, मूळचा न्यूझीलंडचा. १९३५ मध्ये ब्रिटिश पोस्टखात्याच्या फिल्म युनिटसाठी 'अ कलर बॉक्स' केली, कॅमेऱ्याशिवाय, थेट फिल्मवर रंगवून. शेवटी स्वस्त पार्सलची जाहिरात आणि वर क्युबन वाद्यवृंदाने वाजवलेली नाचाची धून. संगीताशी जुळणी जॅक एलिटने केली.

नॉर्मन मॅकलॅरन आणि एव्हलिन लॅम्बार्टची 'बिगॉन डल केअर' (१९४९, कॅनडा) ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटाच्या वादनावर. वेगवान भागांत रंग, संथ भागात काळ्या फिल्मवर ओरखडे. रंग ओला असतानाच त्यावर लेस आणि जाळीदार कापड दाबलेलं दिसतं.

करून बघायचं असेल तर फिल्म दोन प्रकारची मिळते हे समजून घ्या. एका प्रकारात जिलेटिनचा थर शाबूत असतो. त्यात पाण्याचे रंग शोषले जातात आणि सुंदर पसरतात. दुसऱ्यात जुनी छापील फिल्म घरगुती ब्लीचमध्ये बुडवून थर काढून टाकलेला असतो. उरतं नुसतं प्लॅस्टिक, त्यावर पाण्याचा रंग थेंब थेंब होऊन बसतो. तिथे स्पिरिटचे मार्कर. ब्लीच वापरताना हातमोजे, खिडकी उघडी, आणि त्यात ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही.

जाड रंग नको. वाळल्यावर फिल्म वाकली की तडकतो, त्याचे कपचे प्रोजेक्टरच्या खिडकीत साचतात आणि पुढची सगळी फिल्म ओरबाडतात. भोकांच्या काठावर रंग गेला तर पकड सुटते. मूळ फिल्म शक्यतो चालवूच नका, स्कॅन करा.

आणि भंगारात ३५ मिमीची जुनी रिळं मिळाली तर काठावर 'सेफ्टी' असं छापलंय का ते आधी बघा. १९५० च्या आधीची बरीचशी नायट्रेट या ज्वालाग्राही फिल्मवर आहेत. ती भडकली की पाण्यानेही विझत नाहीत. घरात आणू नका.

समेवर_भेटू
१६ मिमीवर आवर्तन किती लांब होतं?

सेल्युलॉइड
फुटाला ४० फ्रेम्स. तुमचं १९२ चं आवर्तन म्हणजे ४.८ फूट. टेबलावर पाच फूट पट्टी चिकटवा, दर १२ फ्रेम्सना काठावर खूण करा, बस. ३५ मिमीला फुटाला १६ फ्रेम्स, तिथे १२ फूट लागतील. रंगवायला मात्र ३५ बरी. १६ मिमीची फ्रेम नखाएवढी, त्यात तपशील काय काढणार?

बेसूर
हाताने आवाज काढण्यावर कुणी बोललं नाही अजून. फिशिंगरने १९३२ मध्ये नक्षी काढून ती ध्वनिपट्ट्यावर छापली. मॅकलॅरनने 'डॉट्स' आणि 'लूप्स'मध्ये (१९४०) पट्ट्यावरच्या रेघाही हातानेच काढल्या. हिशेब असा: एका फ्रेमच्या लांबीत जितक्या रेघा, गुणिले २४, तेवढी कंपनसंख्या.

काळी एकचा सा म्हणजे २७७ हर्ट्झ. भागिले २४ की ११.५४ रेघा येतात. फ्रेमच्या शेवटी अर्धी रेघ तुटते, पुढच्या फ्रेमला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि प्रत्येक सांध्यावर 'टक'. सेकंदाला २४ टक म्हणजे खाली सलग घरघर.

म्हणून सा बदला. फ्रेमला बरोबर १२ रेघा, म्हणजे २८८ हर्ट्झ, पांढरी दोनच्या किंचित खाली. आता गंमत बघा. शुद्ध गंधार १५ रेघा, मध्यम १६, पंचम १८, धैवत २०, तार सा २४. सगळे पूर्णांक, कुठे टक नाही. फक्त रे (१३.५) आणि नी (२२.५) अडतात. त्यांच्यासाठी दोन-दोन फ्रेम्सची जोडी करा, २७ आणि ४५ रेघा. ३५ मिमीला फ्रेम १९ मिमीची, १२ रेघा म्हणजे दर १.६ मिमीला एक. बारीक निबने जमतं. १६ मिमीला अंतर ०.६ मिमी होतं, तिथे हात टेकले.

रेघ जाड केली की आवाज बदलतो, टोकदार केली की आणखी वेगळा. एकसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना सनईसारखा चिरका आवाज येतो, गोलाईच्या लाटांना बासरीसारखा.

प्रश्नोपनिषद
हे स्वरांचे पूर्णांक म्हणजे जस्ट इंटोनेशन, साध्या गुणोत्तरांचे स्वर झाले. टेम्पर्ड, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग केलेल्या हार्मोनियमबरोबर लावलंत तर गंधार खाली वाटेल.

बेसूर
वाटणारच. तो हार्मोनियमचा दोष. (आता पुढच्या पन्नास प्रतिक्रिया यावर येऊ देऊ नका.)

चहाबाज
रंगाचं काय? 'श्टुडी' काळ्या-पांढऱ्या, मग एकदम फिशिंगरच्याच 'क्राइझं'मध्ये झगझगीत वर्तुळं.

कोळसाकांडी
गास्परकलर. बेला गास्पर नावाच्या हंगेरियन रसायनतज्ज्ञाची पद्धत, फिशिंगरही तिच्या कामात होता. प्रत्येक चित्र काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तीनदा घ्यायचं, एकेकदा लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून. जिवंत नट तीन फ्रेम्सपर्यंत स्थिर बसणार नाही, कागदावरचं वर्तुळ बसतं. त्यामुळे ही पद्धत ॲनिमेशनला अगदी चपखल होती. छापायच्या फिल्मला एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन असे रंगांचे थर आधीच दिलेले, नको तिथला रंग रसायनाने उडवायचा. रंग इतके भरीव दिसतात ते त्यामुळे.

तोटा उघड आहे: कॅमेऱ्याला तिप्पट फ्रेम्स, आणि तिन्हींपैकी एखादीत धूळ असली तर तो कण रंगीत ठिपका होऊन दिसतो.

'क्राइझं' (१९३३-३४) वाग्नर आणि ग्रीगच्या संगीतावर, शेवटी जाहिरात कंपनीची ओळ. जर्मनीत तोवर अमूर्त कलेवर वक्रदृष्टी होती, जाहिरात म्हणून ती पार झाली. १९३६ मध्ये फिशिंगर हॉलिवूडला गेला. 'ॲन ऑप्टिकल पोएम' (१९३८, एमजीएम) मध्ये कागदी वर्तुळं बारीक तारांना टांगून फ्रेम-फ्रेमने हलवली आहेत. टांगलेल्या कागदाचा झोका थांबेपर्यंत बटण दाबता येत नाही, दिवस त्यातच जातो. डिस्नेच्या 'फँटेशिया'तल्या बाखच्या भागावरही त्याने काम केलं. पण त्याच्या रचना बदलत गेल्या, तो बाहेर पडला, आणि नामावळीत त्याचं नाव नाही.

समेवर_भेटू
इतकं सगळं मोजून केलं, तर 'मोशन पेंटिंग नं. १' (१९४७) चं काय? बाखचा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो नं. ३, पण ठोक्याला ठोका कुठेच लागत नाही. तरी ती सगळ्यांत सांगीतिक वाटते.

कोळसाकांडी
मान्य. तिथे प्लेक्सिग्लासवर तेलरंग, ब्रशच्या फटकाऱ्यागणिक एक फ्रेम. एक थर भरला की त्यावर नवी काच. मागे जाऊन दुरुस्ती नाही. अशा कामात ठोक्यावर बसणं शक्यच नव्हतं, म्हणून चित्र वाक्यांशांबरोबर श्वास घेतं.

आणि खरं सांगायचं तर 'श्टुडी'तही प्रत्येक सुराला हालचाल नाही. आकार स्वराच्या थोडं आधी निघतो आणि स्वरावर पोचतो. प्रत्येक ठोक्यावर काहीतरी फुटलं पाहिजे, हा हट्ट आजच्या म्युझिक व्हिज्युअलायझरांचा. आवाज वाढला की गोल फुगतो, कमी झाला की आक्रसतो. दहा सेकंदांत कंटाळा येतो, कारण पुढे काय होणार ते कानाने आधीच सांगितलेलं असतं.

पाटीपेन्सिल
व्यावहारिक भाषेत: ठोका ज्या फ्रेमवर, चित्राचा आघात त्याच्या एक-दोन फ्रेम्स आधी ठेवा. नेमक्या फ्रेमवर ठेवला तर उशीर झाल्यासारखं वाटतं. मोठ्या हॉलमध्ये आवाजाला १४ मीटर जायला जवळपास एक फ्रेम लागते, म्हणजे मागच्या रांगेला आवाजच उशिरा पोचतो.

नवशिका_२४
फोनवर काढलेल्या व्हिडिओत सुरुवातीला सिंक बरोबर आणि शेवटी घसरतो. मोजणी तपासली, बरोबर आहे. का होतं?

पाटीपेन्सिल
तीन संशयित. एक, फोन फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही, उजेडाप्रमाणे हलवतो. कागदांचे फोटो सुटे काढा, व्हिडिओ नको. दोन, एडिटिंगमधला प्रोजेक्ट सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सवर आहे आणि हिशेब २४ चा. तीन मिनिटांत चार फ्रेम्स जातात. तीन, एमपीथ्री फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटलेली असते, अर्धी ते एक फ्रेम. ही घसरत नाही, पण पहिल्यापासून सगळं उशिरा ठेवते. वेव्ह फाइल घ्या.

जुन्या फिल्म्स अभ्यासासाठी मोजत असाल तर चौथा: २५ फ्रेम्सने काढलेल्या टीव्ही प्रतींत सगळं चार टक्के वेगात पळतं आणि सूरही वर जातो. त्यावरून मोजलेली लय चुकीची.

प्रश्नोपनिषद
अवांतर: मुंबईत असं काही झालं का?

सेल्युलॉइड
संगीतावर नाही, पण अमूर्त ॲनिमेशन झालंय. अकबर पदमसींची 'सिझिजी', १९७० च्या आसपास, त्यांच्या व्हिजन एक्सचेंज वर्कशॉपमधली. भौमितिक रेखाटनांवरून, ॲनिमेशन राम मोहन यांचं. मूक आहे, म्हणजे गोत्र फिशिंगरपेक्षा एगेलिंगचं.

नवशिका_२४
वेव्ह फाइलने सुरुवात जुळली, आभार. पहिला सराव कशावर करावा? तीनताल मोठा वाटतो.

कोळसाकांडी
केरवा, लय ९०. मात्रेला १६ फ्रेम्स, आठ मात्रांचं आवर्तन १२८. अपूर्णांकाची भानगड नाही. दोन फ्रेम्सना एक कागद धरून ६४ कागद, आणि शेवटचा कागद पहिल्याला जुळेल असा काढा म्हणजे ते फिरत राहील. एकच आकार घ्या. तो समेवर तळाला टेकू दे, पाचव्या मात्रेला वर. बाकी मात्रांना काहीही करू नका.

मग चित्र तसंच ठेवून आवाज एकेक फ्रेम पुढेमागे सरकवून बघा, उणे चार ते अधिक चार. प्रत्येक जागी पाच-सहा आवर्तनं चालू द्या. आणि सरळ काळा-पांढरा लखलखाट टाळा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगझगाट झाला तर फिटचा त्रास असणाऱ्यांना धोका असतो.

नवशिका_२४
उणे दोनवर बसतंय, म्हणजे आवाज चित्राच्या दोन फ्रेम्स आधी. पाटीपेन्सिल यांनी सांगितलं त्याच्या उलट.

पाटीपेन्सिल
ब्लूटूथ हेडफोन लावलाय का? वायरचा लावून परत बघा.